दम तुटलेला गडी

यंदाच्या जत्रेत तालमीच्या नव्या पुढाऱ्याने मांडवात उभं राहून भाषण केलं. म्हणाला, "आपल्या वाडवडिलांनी पडत्या काळातसुद्धा आपला गडी सोडला नाही. नदीपलीकडच्यांनी मागितला, पण आपण दिला नाही." टाळ्या पडल्या. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. शेजारच्या म्हाताऱ्याने माझं मनगट घट्ट धरून ठेवलं, कारण त्याला माझा स्वभाव ठाऊक आहे. मी उठलो असतो तर मांडवाचा एखादा वासा माझ्या हातात आला असता.

वाडवडील! ज्यांना हा पोरगा वाडवडील म्हणतो, ते त्या वेळी मारुतीच्या पारावर बसून त्याच गड्याला नदीपलीकडे धाडायला निघाले होते. त्याच्यासाठी नारळ आणला होता, फेटा आणला होता. आडवा पडलो तो मी एकटा. पण माझा बाप या गावात दुसऱ्या खोऱ्यातून आला, हातात काठी आणि पाठीवर घोंगडी एवढंच घेऊन. त्यामुळे माझी गणती वाडवडिलांत होत नाही. न होवो. मात्र जे घडलं ते मी लिहून ठेवणार आहे. ज्याला पटणार नाही त्याने माझ्या दारात येऊन सांगावं. दार उघडंच असतं.

माझा धंदा बैलांचा. लहानपणी दुसऱ्यांचे बैल हाकत वडगावच्या बाजाराला न्यायचो. दिवसाची भाकरी सुटायची. भाकरी खाता खाता बैल पाहायला शिकलो. कुठला बैल चढाला थांबेल, कुठला नांगराला चालेल पण गाडीला नाही, कुणाचे दात घासून वय लपवलंय, हे मला बैल चार पावलं चालला की कळू लागलं. पुढे स्वतःची दावण झाली. आमच्या धंद्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हातावर रुमाल टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून बोलतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी काय ठरलं ते दोघांनाच कळतं. एकदा बोट दाबून होकार दिला की मागे फिरायचं नाही, आणि काय बोललो ते बाहेर सांगायचं नाही. लिहिण्यावाचण्याची शाळा मी फार पाहिली नाही. रुमालाखालची शाळा मात्र पुरी केली.

पैसा हाती आल्यावर मी गावच्या तालमीत लक्ष घातलं. हुतूतूचं मैदान मी करून घेतलं, त्यातले दगड माझ्या गाडीने वाहून नेले, आणि खेळणाऱ्यांना दूध माझ्या गोठ्यातून जायचं. त्यामुळे संघात कोण खेळेल हे ठरवताना मला बोलावणं येई. शेवटचा शब्द मात्र आबांचा. आबा म्हणजे तालमीचे प्रमुख. त्यांची जमीन गावात सगळ्यांत जास्त. त्यांच्या आज्याने तालीम बांधली म्हणून ती त्यांची, असा हिशोब.

आमच्या संघाचा चढाईचा गडी उंच, सडपातळ आणि लांब हातांचा होता. चढाई करणाऱ्याने एका दमात 'हुतूतू' म्हणत पलीकडे जायचं, गडी बाद करायचे आणि दम तुटायच्या आत मधली रेघ गाठायची. याचा दम असा होता की पलीकडचे सात जण आधी त्याच्या हाताकडे नव्हे, छातीकडे पाहायचे. आपल्याकडे जत्रेत मानाचा नारळ जिंकणाऱ्या गावाला मिळतो. या गड्याच्या जोरावर तो नारळ तीन वर्षं आमच्या देवळात फुटला.

मग त्याला काय झालं कुणास ठाऊक. दोन वर्षं तो पडत गेला. पलीकडे गेला की अर्ध्या मैदानात आवाज चिरका व्हायचा, खोकला यायचा, आणि त्यांचे गडी त्याला सावकाश येऊन धरायचे, चुकलेलं वासरू धरावं तसे. दुसऱ्या वर्षीच्या जत्रेत तो तीन वेळा गेला आणि तीन वेळा तिथेच राहिला. आमच्या बायकासुद्धा बोलू लागल्या. विहिरीवर कुणी दमली की दुसरी म्हणायची, "काय गं, तुजा बी गडी झाला का?"

दिवाळीनंतर वडगावच्या बाजारात नदीपलीकडचा एक हेड्या माझ्याशी बैलाचा सौदा करत होता. हेड्या म्हणजे माझ्यासारखाच बैलांचा दलाल. त्यांच्या गावचा संघ त्याच्याच हातात होता. सौदा ठरत आला तेव्हा त्याने रुमालाखाली माझं एक बोट वेगळं धरलं आणि हळूच म्हणाला, "पाव्हणं, ह्यो बैल ऱ्हाऊ द्या. तुमचा त्यो उंच गडी द्या. बदल्यात आमचा पकडीचा गडी घ्या."

मी हसलो. "त्याचा दम गेलाय. सगळ्या मावळाला म्हाईत हाय."

"गेला तर गेला. आमी बघू."

"आन् तुमचा पकडीचा कशापायी देताय?"

"भाऊबंदकी. तुमाला काय करायचंय?"

मी हात काढून घेतला. धंद्यात मी एक गोष्ट शिकलो आहे. खोड असलेला बैल कुणी हौसेने मागू लागला, तर समजावं की खोडीचं औषध त्याच्यापाशी आहे. आणि चांगला बैल कुणी फुकटात पुढे करू लागला, तर खाली वाकून त्याचे पाय बघावेत. त्यांचा पकडीचा गडी तिथेच बाजारात गुळाच्या ढेपा वाहत होता. भरल्या अंगाचा, मानेवर मांस. मी अर्धा तास चहा पीत त्याच्याकडे पाहत बसलो. चढाला तो सरळ जायचा. उतरताना मात्र डावा पाय आडवा टाकायचा. गुडघा गेलेला होता.

मी हे गावात येऊन सांगायच्या आधी हेड्याचा निरोप आबांकडे पोचला होता. तो माझ्याहून एक पाऊल पुढे होता, हे मी कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी पारावर बैठक बसली. आमच्याकडे नियम असा होता की ज्याची चूल ज्या गावात पेटते, तो त्या गावाकडून खेळतो. गडी दुसऱ्या गावाला द्यायचा तर होळीच्या आधी त्याची चूल तिकडे हलवायची. तिकडचं गाव त्याला घर द्यायचं, आणि आपण त्याला नारळ आणि फेटा देऊन वाटेला लावायचं. हे सगळं मानाने व्हायचं. पण मानाने हाकललं तरी हाकललंच. आबांनी फेटा आधीच आणून ठेवला होता. ते मला दिसलं आणि माझं डोकं फिरलं.

"ठरवायच्या आदी फेटा आला व्हय?"

"भाऊ, बसा जरा," आबा म्हणाले. "आपला गडी आता कामाचा न्हाई. त्यांचा पकडीचा वाघ हाय."

"वाघाचा डावा गुडगा बगितला का?"

"गुडग्याचं काय?"

"उतराला पाय आडवा टाकतो. जोरात हिसका बसला की बसंल खाली."

पारावर हशा झाला. कुणीतरी म्हणालं, "भाऊंना मानूस बी बैलच दिसतोय!"

"मला मानूस बैल दिसतो, तुमाला तर त्यो बैलाएवढा बी दिसंना," मी म्हणालो. "बैलाचा दम तुटला तर मी आधी इचारतो, ह्यो कवापासून बिगडला? तवा गोठा बदलला का, चारा बदलला का? ह्या गड्याला कुणी इचारलं?"

"मग तुमी इचारलं का?" आबांनी उलट विचारलं.

मी विचारलं नव्हतं. हा मुद्दा पुढे परत येईल. त्या वेळी मी आवाज चढवून वेळ मारून नेली. माझ्याकडे उत्तर नसलं की माझा आवाज चढतो, हे माझ्या बायकोने मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं.

आबा शांतपणे म्हणाले, "भाऊ, तुमी दूध देता, त्याचा मान हाय. पर तालमीचा शब्द जमीनवाल्यांचा."

हे ऐकून मी पारावर उभा राहिलो. पार मारुतीचा, त्यावर उभं राहू नये, पण राहिलो. म्हणालो, "जत्रेपत्तूर गडी मला द्या. जत्रेत त्याच्यापायी नारळ गेला, तर माजी खिलारी जोडी देवाला सोडतो आन् पुन्हा तालमीची पायरी चढणार न्हाई."

ती जोडी बघायला लोक तळेगावाहून यायचे.

"आन् न्हाई गेला तर?" आबांनी विचारलं.

"तर मला काय बी नगं. फक्त तुमी ह्याच पारावर सगळ्यांम्होरं म्हणायचं, की गडी आमी देत हुतो आन् ह्यानं अडवला. एवढंच."

"म्हनू की," आबा म्हणाले. "त्यात काय हाय?"

एवढंच मागितलं होतं. चार शब्द. त्यांना जड जाणार नाहीत असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी लोणावळ्याला गेलो आणि रुळाच्या कडेकडेने खंडाळ्याकडे निघालो. गडी दोन वर्षांपासून रेल्वेत लागला होता. घाटातल्या एका बोगद्यात रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत तो होता. रेल्वेने त्याला खोली दिली होती. तिथे तो बायकोबरोबर राहायचा आणि म्हातारी आई गावात चूल पेटती ठेवायची. दोन वर्षं. मी वाटेतच बोटं मोजली. दम जाऊन किती झाली? दोन वर्षं. हे पारावरच्या एकाही शहाण्याने मोजलं नव्हतं. मीही नव्हतं.

बोगद्याच्या तोंडाशी पोचलो तेवढ्यात चढाची मालगाडी आली. पुढे इंजिन, मागून ढकलायला आणखी इंजिन. दोन्ही आत शिरली आणि बोगद्याच्या तोंडातून धूर असा बाहेर आला की समोरचा डोंगर दिसेना. गाडी गेली. बऱ्याच वेळाने एक एक माणूस बाहेर येऊ लागला. गाडी जाईपर्यंत हे लोक आतल्या भिंतीच्या कोनाड्यात तोंडाला ओलं फडकं लावून उभे राहायचे. आमचा गडी शेवटी आला. रुळाच्या कडेला ओणवा झाला आणि खोकत राहिला. थुंकला तेव्हा काळं पडलं.

त्याने मला पाहिलं आणि ओशाळून हसला. "भाऊ, तुमी कुटं हितं?"

"बैल बघाया आलतो," मी म्हणालो आणि परत फिरलो. मला पाहिजे ते मी पाहिलं होतं. आणि मला त्या हेड्याचं औषधही कळलं. त्याचा मेहुणा खंडाळ्याला राहायचा. त्याने हेच पाहिलं असणार. हेड्या गड्याला आपल्या शेतावर ठेवून मोकळ्या हवेत बरा करणार होता आणि आमच्याच अंगावर घालणार होता. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

त्या दिवसांत गाड्या विजेवर चालवायचं ठरून लाइनीवर लोखंडी खांब उभे राहत होते. खांबांचे खड्डे खणणाऱ्या टोळीचा मुकादम मळवलीला उतरलेला होता. मी त्याला गाठलं. त्याला खणणारी माणसं हवी होती, आणि वाळूखडी वाहायला गाड्या हव्या होत्या. आम्ही त्याच्या तंबूबाहेर बसलो. तो साताऱ्याकडचा होता, रुमालाची भाषा त्याला कळत होती. मी म्हणालो, "एक माणूस बोगद्यातून काढून तुमच्या टोळीत घ्या." त्याने बोटं दाबली. मी झटकली. त्याने पुन्हा दाबली. अखेर दोन पोती नवा आंबेमोहोर आणि पंधरा दिवस माझी गाडी, बैलांसकट, यावर ठरलं. महाग पडलं. पण मी मान ताठ करून घरी आलो. गडी मोकळ्या हवेत येणार होता, जत्रेला चार महिने होते, आणि हे पारावरच्या जमीनवाल्यांना सुचलं नव्हतं.

आठ दिवसांनी गडी माझ्या दारात उभा राहिला. घोंगडी न झटकता, जोडे न काढता.

"भाऊ, बोगद्याच्या टोळीतनं माजं नाव काढलं आन् खोली बी गेली."

"खोली गेली तर गेली. छाती ऱ्हाईली."

"खोलीच्या दाराशी नळ हुता. माजी बायको पोटुशी हाय. आता ती हितं झऱ्यावरनं डोईवर पानी आननार."

"मी तुला मरनातनं बाहीर काढला!"

"मी इनंती केलती का?" त्याचा आवाज बारीक होता, खोकल्याने घासलेला, पण स्थिर होता. "पारावर माजा भाव झाला, तवा तुमी त्यांच्यावर वरडलात, असं आई म्हनली. मला लय बरं वाटलं. आन् मग तुमी काय केलंत? त्यांनी उगड्यावर केला, तुमी रुमालाखाली केलात. मी बोगद्यात का उभा ऱ्हात हुतो, ह्ये कुनी इचारलं मला?"

मी खूप ओरडलो. काय ओरडलो ते आता आठवत नाही आणि आठवलं तरी लिहिणार नाही. गाडी, तांदूळ, खिलारी जोडी, सगळं त्याच्या अंगावर फेकलं. तो ऐकून घेत उभा राहिला आणि मग निघून गेला. जाताना म्हणाला, "खड्डे मी खणीन. खेळायचं मी बघीन."

आज कुणी मला विचारलं, की त्याला विचारायला हवं होतं का? तर हवं होतं. आणि परत तीच वेळ आली तर तू काय करशील? तर परत न विचारता त्याला त्या धुरातून काढीन. दोन्ही खरं आहे. ज्याला यातलं एकच खरं वाटतं त्याने बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून यावं.

तो मैदानावर येईना. मळवलीला खड्डे खणायचा, संध्याकाळी गावात यायचा आणि घरात शिरायचा. आबा वाटेत भेटले की विचारायचे, "भाऊ, जोडी देवाला कंच्या दिशी सोडायची?" मी म्हणायचो, "तुमचे चार शब्द पाठ करून ठेवा." पण आतून मी जळत होतो. दावणीला जाऊन बैलांच्या पाठीवर हात फिरवायचो आणि वाटायचं, आता यांना किती दिवस आपण चारा घालणार.

माघाच्या सुमारास एकदा सकाळी मी लोहगडवाडीच्या वाटेने कडब्याचा सौदा करायला चाललो होतो. वाटेच्या वरच्या अंगाला झरा आहे. तिथून कुणीतरी चढावर धावत येताना दिसलं. पाहतो तर आमचा गडी, दोन्ही हातांत पाण्याच्या घागरी. बायकोचं पाणी तो आणत होता. आणि धावता धावता त्याच्या तोंडून बारीक, एकसारखा आवाज येत होता: हुतूतूतूतू. मी करवंदीच्या जाळीमागे बसलो. तो माझ्या समोरून वर गेला. आवाज तुटला नाही. वळणापाशी घागरी खाली ठेवल्या, खोकला, पाण्याकडे पाहून किती सांडलं ते बघितलं आणि पुन्हा उचलल्या.

उठून ओरडावंसं फार वाटत होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा मी जाळीमागे गप्प बसून राहिलो. काटे टोचत होते तरी.

होळी झाल्यावर एके दिवशी तो आपणहून मैदानावर आला. माझ्याकडे न पाहता रेघेवर उभा राहिला. मी त्या दिवसापासून दूध दुप्पट धाडलं.

जत्रा आली. सामना नदीपलीकडच्यांशीच, दुपारी, देवळामागच्या वावरात. खिलारी जोडी मी स्वतः धुऊन, शिंगं रंगवून मैदानाच्या कडेला आणून बांधली. लोकांना दिसू दे म्हटलं, काय पणाला लागलंय. नदीपलीकडचा हेड्या माझ्या शेजारी येऊन बसला. "जोडी झ्याक हाय," म्हणाला. "देवाकडनं मी घेऊ का?"

"देवाला इचारून बघ. त्यो रुमाल टाकत न्हाई."

पहिल्या डावात आमचा गडी एकदा पडला. मैदानाभोवती 'आरं आरं' झालं आणि आबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी जोडीकडे पाहायचं टाळलं, खोटं कशाला लिहू. दुसऱ्या डावात खेळ खेचला गेला. शेवटी आमचे दोघे उरले, त्यांचे चार. तो चढाईला गेला.

त्याचा दम पूर्वीसारखा नव्हता. पूर्वी तो पलीकडे जाऊन गप्पा मारत असल्यासारखा फिरायचा. आता त्याने दम कंजुषाने मोजावा तसा मोजून वापरला. आवाज बारीक ठेवला. एकाला कोपऱ्यात हात लावला, दुसऱ्याला वळताना पायाने. मग त्यांच्या पकडीच्या गड्याने, त्या वाघाने, मागून येऊन त्याचा घोटा धरला. दोघे आडवे झाले. चौथा त्याच्या पाठीवर पडला. आवाज अजून चालू होता, पण आता तो घागरीतून पाणी ठिबकावं तसा येत होता. मी उभा राहिलो आणि ओरडलो, "डावीकडं! डावीकडं हिसका!"

त्याने ऐकलं की आपणहून केलं, ते मला कधी कळलं नाही. त्याने डावीकडे कमरेतून हिसका दिला. वाघाचा गुडघा वळला आणि हात सुटला. पाठीवरच्याला तसाच ओढत तो हातभर सरकला आणि त्याची बोटं रेघेवर पडली. आवाज तेव्हाही चालू होता. पंच कान लावून बसला होता, त्यानेच हात वर केला. चारही गडी बाद.

मग काय विचारता! गड्याला लोकांनी खांद्यावर घेतलं. मी माझ्या बैलांच्या गळ्यात पडलो. हेड्या उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, "पाव्हणं, तुमी गुडगा बगितला हुता." मला त्या दिवशी मिळालेली शाबासकी ती एवढीच, आणि तीही शत्रूकडून.

मानाचा नारळ फुटल्यावर सगळे पारावर जमले. मी समोर जाऊन उभा राहिलो. आबांनी गड्याच्या गळ्यात हार घातला, हात उंच केला आणि म्हणाले, "आपला गडी आपल्यापाशीच पायजे, ह्ये आमी पयल्यापासनं म्हनत हुतो!"

टाळ्या. मी म्हणालो, "आबा, चार शब्द."

"कंचे शब्द?"

"पारावर ठरलेले."

आबा हसले. लोकांकडे पाहून म्हणाले, "भाऊ आज बी सौदाच करत्यात! आरं, जिंकलो न्हवं? आता काय?" लोकही हसले. त्या हशात माझे चार शब्द बुडाले, ते अजून वर आलेले नाहीत. आबा गेले, त्यांचा पुतण्या आला, आणि आता या नव्या पोराच्या तोंडी ते 'वाडवडिलांनी' झालं.

जत्रेनंतर आठवड्याने गडी माझ्या दारात आला. या वेळी जोडे काढले. ओसरीवर बसला, खिशातून रुमाल काढला आणि स्वतःच्या हातावर टाकून हात माझ्यापुढे केला.

"ह्ये काय?"

"माजा सौदा. आता माज्यासंगं करा."

मी हात रुमालाखाली घातला. त्याने माझं एक बोट धरलं.

"एक काय?"

"एक जत्रा. पुढची एकच मी हितनं खेळनार. मग चूल लोणावळ्याला हलवतो. विजेच्या कामावर घेत्यात मला. नळाची खोली मिळतीय. लेकरू झालंय, त्याला हितं झऱ्यावर कशापायी वाढवू?"

मी त्याची तीन बोटं दाबली. तीन जत्रा. त्याने पुन्हा एकच धरलं. मी दोन दाबली. त्याने एकच धरलं आणि माझ्याकडे पाहत राहिला. त्याची पकड खड्डे खणून घट्ट झाली होती. हे खड्डे मीच त्याला खणायला लावले होते.

"बरं," मी म्हणालो. "एक. पर बदल्यात तू पारावर सांग, की तुला कुनी अडवला."

त्याने मान हलवली. "तुमचं भांडन आबांशी हाय, भाऊ. मला त्यात घालू नका. मी तुमाला इचाराया आलोय. तेवढं ध्यानात ठेवा."

मी त्याचं बोट दाबलं. घासाघीस करूनही शेवटी मागितलेल्याच भावाला मी आयुष्यात केलेला तो एकच सौदा.

पुढची जत्रा तो खेळला आणि आम्ही जिंकलो. मग त्याने चूल हलवली. गाव माझ्या अंगावर आलं. 'बैलवाल्याने गडी लोणावळ्याला विकला' असं वर्षभर बोललं गेलं. रुमालाखालची गोष्ट बाहेर सांगायची नाही म्हणून मी गप्प बसलो. आता तो या जगात नाही, म्हणून लिहिलं.

त्याला मी विचारलं नव्हतं, हा माझा दोष. तो मी मांडला. आबांचा दोष त्यांच्या घराण्याने मांडावा. पुढच्या जत्रेत मी पहिल्या रांगेत बसणार आहे, आणि शेजारच्या म्हाताऱ्याला मागच्या रांगेत बसवणार आहे.